कालचा चुना

"इंग्रजी शाळेत भाची गेली, अन् पाण्याखाली आमची पोरगी चालली. हाय का नाय गंमत?"

मामा हे टँकरवाल्याला सांगत होते. त्यांची भाची, म्हणजे मी, दोन पायऱ्या वर बसून त्यांच्या पोरीचे पायात घालायचे फिन पुसत होते. मी वर पाहिलं नाही. पुसलेला फिन पुन्हा पुसला.

बारव खुलताबादच्या अलीकडे आहे. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. शहर मात्र वाढतच होतं आणि नव्या कॉलन्यांचे टँकर इथवर येऊन रांग लावत होते. पाणी तळाला गेलं तेव्हा भिंतीत एका भुयाराचं तोंड उघडं पडलं. तोंडापासून आतपर्यंत ते पाण्याने भरलेलं होतं. झरा आटलाय की भुयारात गाळ अडकलाय, हे कुणालाच माहीत नव्हतं. गाळ असेल तर उपसता येईल, म्हणून गावाने ताईला बोलावलं.

ताई म्हणजे मामांची ही पोरगी, माझ्याहून वर्षाने मोठी. देवगाव रंगारीत ती पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकली. सुट्टीत मी गेले की ती विहिरीत उडी मारायची आणि मी काठावर गोष्टीचं पुस्तक घेऊन बसायचे. तेव्हा मामी तिला म्हणायची, "तिच्यावानी वाच की जरा." ते मला फार आवडायचं. पुढे ती पुण्यात, धरणांचे दरवाजे पाण्याखाली जाऊन तपासणाऱ्या कंपनीत लागली. मग गुहेतलं डायव्हिंग शिकली. तेव्हापासून तिला माझ्यावानी व्हायला कुणी सांगत नव्हतं.

तिचं यंत्र मला तिच्याइतकंच पाठ होतं. साध्या सिलिंडरवर सोडलेला प्रत्येक श्वास बुडबुडे होऊन वाया जातो. या सेमी-क्लोज्ड रीब्रीदरमध्ये तो पिशवीत परत येतो, डब्यातल्या चुन्यातून जातो, चुना त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, आणि सिलिंडरमधून जास्त ऑक्सिजनचा वायू थोडा थोडा मिसळत राहतो. जास्तीचा तेवढा बाहेर जातो. म्हणजे बुडबुडे कमी. अशा भुयारात तेच महत्त्वाचं, कारण बुडबुडे छताला आपटले की मुरूम सुटतो, गाळ उठतो आणि हातातला टॉर्चसुद्धा दिसेनासा होतो. शिवाय लहान सिलिंडर बराच वेळ पुरतो. इथे जवळपास कुठे तो भरून मिळत नव्हता, आणि मोठे सिलिंडर घेऊन या पायऱ्या उतरणं तर सोडाच.

हे सगळं मला माहीत होतं, कारण तिची इंग्रजी पुस्तिका मीच वहीत मराठीत उतरवून दिली होती. "तुझ्यासारखं इंग्रजी मला कुठलं येतंय," असं म्हणून तिने ती पाठवली होती. मी चुन्याची माहिती असलेल्या पानावर होते तेव्हा तिचा फोटो आला: निळं पाणी, मास्क कपाळावर, हसणारी ती. मी फोटो बघितला आणि लिहिलं, "चुना जांभळा झाला की बदलायचा. पांढरा आहे तोवर चालतो." पुस्तिकेत त्याखाली आणखी एक वाक्य होतं: वापरलेला चुना नुसता ठेवला की काही तासांनी पुन्हा पांढरा दिसतो, पण कामाचा राहत नाही. ते वाक्य मी दोनदा वाचलं. वाक्य अवघड होतं, असं मी स्वतःला सांगितलं आणि पान उलटलं.

काल ताई सरांबरोबर पहिल्यांदा आत जाऊन आली. सर म्हणजे तिला डायव्हिंग शिकवणारे. वर येताच लोकांनी तिला घेरलं. यंत्र पुसायला माझ्याकडे आलं. डब्याच्या काचेतून चुना जांभळा दिसत होता. बघेल तिची ती, असं मनात म्हणून मी त्यावर टॉवेल टाकला.

आज सर कंबरेएवढ्या पाण्यात उभे राहून एकेक गोष्ट विचारत होते.

"दोरी?"

"आहे."

"चुना?"

ताईने काचेत वाकून पाहिलं. "पांढराशुभ्र आहे, सर. कालचाच चालेल. आमच्या बाईसाहेबांनी वहीत लिहूनच दिलंय."

"चुना लावू नको गं सायबाला!" मामा वरून ओरडले. सगळे हसले, टँकरवालाही. ताईही हसली आणि माझ्याकडे बघून तिने अंगठा वर केला.

त्या चुन्यावर ती आत गेली असती तर आधी डोकं दुखलं असतं, मग धाप लागली असती, मग काही सुचेनासं झालं असतं. वर छत, डोकं बाहेर काढायलाही जागा नाही. हा चुना काल जांभळा झाला होता, हे तिथे फक्त मला माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर, तिला माहीत नसलेलं काहीतरी मला माहीत आहे, हे एक क्षणभर मला बरं वाटलं. बोलले असते तर माझ्याकडे होतं ते एवढंसं इंग्रजीही सगळ्यांसमोर खोटं ठरलं असतं.

तिने माउथपीस तोंडाकडे नेला. मी उभी राहिले. चार माणसांत माझा आवाज कधी निघत नाही. तेव्हा निघाला तो ओळखू येऊ नये असा फाटका होता.

"ताई, उतरू नको. तो चुना मेलाय. काल मी तो जांभळा बघितलाय, आणि वहीत मी एक ओळ मुद्दाम लिहिली नाही."