विलायती पेपरची वाटणी

माझी पीएच.डी. इंग्लंडातल्या एका जुन्या पेपरच्या मालकीवर आहे. तो कोणी काढला, कोणाला विकला, कोणाच्या पोरांनी बुडवला, हे मी कित्येक वर्षं खोदून राहिले. आमच्या अमरावतीच्या नातेवाइकांत याला रिकामे धंदे म्हणतात. मोठे काका तर तोंडावर विचारतात, "दुसऱ्याच्या वावराचा सातबारा काढून तुले का भेटते?"

त्या दिवशी मात्र विषय त्यांनीच काढला. नांदगाव खंडेश्वरकडे आजोबांचं वावर आहे. ते काका आणि बाबांच्या नावावर करायचं होतं, म्हणून अकोल्याहून आत्याला हक्कसोडीसाठी बोलावलं होतं. बहिणीनं आपला वाटा भावांना सोडून द्यायचा, भावांनी तिला साडी घ्यायची, अशी आपल्याकडची रीत. जी सही करत नाही तिचं माहेर तुटतं, हेही रीतीतच येतं, फक्त ते कोणी बोलत नाही. आत्या निमूट आली होती. माझं डोकं सकाळपासून तापलं होतं, पण मला विचारतो कोण?

रजिस्ट्रारच्या ऑफिसात ही गर्दी. आमचा नंबर बराच मागे होता. बाहेरच्या बाकावर चहा झाला, राजकारण झालं, मग काका मला म्हणाले, "सांग बाप्पा तुह्या पेपरवाल्याचं. टाइम तरी जाईन."

मी सांगायला लागले. एका माणसानं पेपर काढला, तो चालला, पैसा झाला. माणूस मेला तेव्हा मागे दोन मुलं आणि एक मुलगी.

काका सावरून बसले. "मंग वाटणी कशी केली? पयलं पान एकाले आन् मागचं दुसऱ्याले?"

"नाही हो. पेपर एकच, मालकीचे वाटे पडले."

"म्हणजे सामायिक. सामायिकात कोणाचं भलं झालं नाही."

बाबांनी मान हलवली. त्यांना अनुभव होता.

"भावांचं पटेना," मी म्हटलं. "एकाला पेपर सरकारच्या बाजूनं चालवायचा होता, दुसऱ्याला विरोधात."

"धुरा कोणी कोरला?"

"काका, पेपरला धुरा नसतो, बांध नसतो."

"कोणी तं कोरलाच असन. उगाच भांडत नाही माणूस."

शेवटी दोघांनी मिळून पेपर एका लॉर्डला विकायचं ठरवलं, असं मी सांगितलं. गिऱ्हाईक दमदार होतं यावर काकांचं समाधान झालं. तेवढ्यात आत्यानं विचारलं, "आन् बहीण?"

आग लावायची माझी इच्छा नव्हती. निदान सुरुवातीला नव्हती. पण विचारल्यावर खोटं कसं सांगू? "बापानं तिलाही वाटा ठेवला होता. तिनं सही दिली नाही, म्हणून सौदा अडला. ती कोर्टात गेली."

"पेपर वाचे तरी का थे?" काका चिडले.

"रोज वाचायची."

"माहेर तुटलं असन तिचं," आत्या म्हणाली.

"ते माझ्या कागदांत नाही, आत्या."

"थे कोणी लिहीत नाही, बाई."

इतक्यात आमचा पुकारा झाला. काका उठले, बाबा उठले. आत्या बसूनच राहिली.

"तुले वावर कशाले पाह्यजे?" काका म्हणाले. "जावई चांगले हायेत, पोरगं कमावते."

"पाह्यजे म्हणून मी म्हटलं का, दादा? मले कोणी इचारलंच नाही. कोणत्या गाडीनं ये आन् सही कुठं कर, तेवढं सांगतलं. आपल्या बाबाचं दुखणं आलं तवा मीबी इथंच होती ना?"

बाबा स्वतःच्या चपलांकडे पाहू लागले. मला त्यांची लाज वाटली, आणि कीवही आली. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही तो पेपर मीच छापून राहिले. मग ते पुन्हा बाकावर बसले, अगदी तिच्या शेजारी.

"बरं, चुकलं आमचं," ते म्हणाले. "आता इचारतो. सोडतं का?"

"नाही," आत्या म्हणाली.