मंजूर नकाशा नसलेलं घर

माझ्याच घराचं माप चाललं होतं आणि टेपचं एक टोक माझ्या हातात होतं.

"भिंतीला चिकटवून धर गं," सर म्हणाले. मी धरलं. दुसरं टोक नगरपालिकेच्या इंजिनिअर साहेबांकडे. आकडे ते मोठ्यानं वाचत होते, सर डायरीत टिपत होते. दाराशी आल्यावर साहेब थांबले. म्हणाले, "आत जायचं म्हणजे वाकावं लागणार." सर म्हणाले, "सवय असते यांना." दोघं हसले.

'यांना' म्हणजे मला. मी सरांच्या ऑफिसात आर्किटेक्ट. नागपूरला शिकलेली, पदवीवाली, त्यांच्या निम्म्या इमारतींचे नकाशे काढणारी. पण त्या दिवशी आमच्या घरापुढच्या छपरीत मी फक्त टेप धरणारी होते, आणि तो ढिला पडू नये याची काळजी घेत होते.

तेवढ्यात माय बाहेर आली. तिच्या एका हातात पितळी परात, दुसऱ्या हातात पाण्याचा गडवा. आमच्या ढिवर मोहल्ल्यात, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या वस्तीत, यायचं तर तलावाच्या पाळीवरून, बांधावरून, यावं लागतं. चिखल चुकत नाही. म्हणून पहिल्यांदा दारी आलेल्या माणसाचे पाय घरची बाई स्वतः धुते. मग तो कोणी का असेना. जावई असो, मासे घ्यायला आलेला ठेकेदार असो. मायनं परात सरांपुढं ठेवली आणि खाली बसली.

सर साहेबांशी बोलत होते. भिंतीच्या उंचीबद्दल काहीतरी चाललं होतं. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. बोलता बोलता पाय उचलला आणि बुटासकट परातीत ठेवला.

माय क्षणभर थांबली. माझ्याकडे पाहिलं. मग तिनं पाणी ओतलं आणि हातानं बुटाचा चिखल काढला. आधी एक बूट, मग दुसरा. नाडीच्या भोकांतला नखानं काढला. सरांचं बोलणं काही थांबलं नाही.

मी टेप सोडला नाही. कानशिलं तापली होती, आणि मी टेप धरून उभी होते.

आता हे माप कशाला, ते सांगते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शहराचं नाव लिहीत नाही. नागभीडपासून खाली या कोळशाच्या आणि धानाच्या पट्ट्यात अशी तळ्याकाठची शहरं आहेत, ज्याला त्याला आपलं ओळखू येईल. आमच्या शहरात एक सौंदर्य समिती होती. कोणती इमारत रस्त्यावरून कशी दिसावी, दर्शनी भाग कसा असावा, किती उंच, कोणत्या रंगाची, हे ती ठरवायची. तिनं नाही म्हटलं की नकाशा अडला. सर तिचे अध्यक्ष. तिच्यात एक जागा रिकामी झाली आणि नगरपालिकेच्या फळ्यावर अटी लागल्या. वास्तुकलेची पदवी. नोंदणी. कामाचा अनुभव. दोन सदस्यांची शिफारस. आणि शेवटची अट, सदस्य शहराच्या हद्दीत, मंजूर नकाशा असलेल्या घरात राहणारा असावा.

बाकी सगळं माझ्याकडे होतं. घर तेवढं नव्हतं. म्हणजे घर होतं. आज्यानं मातीच्या भिंती घातल्या, बापानं वर कवेलू, म्हणजे कौलं, चढवले, त्याच छपराखाली मी जन्मले. त्याला नकाशा नव्हता. पाळीवरच्या कोणाच्याच घराला नाही. मंजुरी मागायला गेलं की सांगायचे, समितीची हरकत आहे, तलावाच्या शोभेला बाधा येते. समितीत आपलं माणूस नाही म्हणून घराला मंजुरी नाही. घराला मंजुरी नाही म्हणून समितीत आपलं माणूस नाही. घाण्याचा बैलसुद्धा कधीतरी सुटतो. आम्ही पिढ्यान् पिढ्या फिरत होतो.

अर्ज कर, असं मला सरांनीच सांगितलं होतं. मी हुरळले होते. खोटं कशाला बोलू, मला ती खुर्ची हवी होती. शिकत असताना होस्टेलच्या मुली माझ्या कपड्यांना माशांचा वास येतो म्हणून खोली बदलून घ्यायच्या. तेव्हापासून एक हट्ट धरून बसले होते, की एक दिवस मी अशा जागी बसेन जिथून उठ म्हणायची कोणाची हिंमत होणार नाही.

मापं घेऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"घर बसत नाही नियमात," ते म्हणाले. "मला माहीतच होतं. पाहणी करावी लागते म्हणून केली. पण मार्ग आहे." त्यांनी टाइप केलेला करार पुढं सरकवला. त्यांच्या बंगल्यामागची खोली मला भाड्यानं दिली, असं त्यात लिहिलं होतं. "कागदावर इथं राहा. झोपायला घरी जात जा. कोण विचारतं?"

मी विचारलं, "सर, माझ्यासाठी एवढं का?"

"आम्हाला तुमच्यातलं कोणीतरी हवंच आहे," सर म्हणाले. माणूस दुष्ट नव्हता. डबा विसरलेल्या दिवशी आपल्यातली पोळी मला द्यायचा. ते अगदी सरळपणे बोलत होते, म्हणून मला सरळच कळलं.

तलावाकाठच्या रस्त्याला भिंत घालायची होती. पुरुषभर उंचीच्या वर. रस्त्यावरून तलाव दिसावा म्हणून मध्ये दोन ठिकाणी लोखंडी जाळी, आणि जिथं आमचा मोहल्ला, तिथं सलग भिंत. भद्रावतीकडून, नागपूरकडून येणाऱ्या पाहुण्यांना वाळत घातलेली जाळी, कोंबड्या, सुकत टाकलेले झिंगे दिसू नयेत. त्याचा नकाशा आमच्याच ऑफिसात तयार झाला होता. त्यावर झाडं होती, बाकं होती, दिव्याचे खांब होते. आमची घरं जिथं असायला हवी तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं, मोकळी जागा. या भिंतीला समितीत ढिवराच्या पोरीनं हो म्हटलं, की मोहल्ला गप्प बसेल. आणि मी नाही म्हटलं, तर माझा पत्ता खोटा आहे हे सांगायला सर होतेच.

म्हणजे आत घ्यायचं, पण दोरी त्यांच्या हातात. मी करार पर्समध्ये घालून घरी आले.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. नोकरी सोडली तर जाणार कुठं? शहरात आर्किटेक्टची ऑफिसं मोजकी, सगळ्यांचे मालक त्याच समितीत. मायचा दमा. बाप जाऊन बरीच वर्षं झालेली. रात्री कवेलूंकडे बघत पडायचे. स्वतःच्या घराचा मला राग यायचा, मग राग आला म्हणून लाज वाटायची.

मोहल्ल्यात तर बातमी कधीच पोचली होती. आमच्या शेजारचे नथ्थूभाऊ, मच्छीमार सोसायटीचे जुने माणूस, छपरीत येऊन बसले. मी त्यांना करार वाचून दाखवला. भिंतीचंही सांगितलं. वाटलं, चिडतील. त्यांनी तंबाखू मळून दाढेला धरली.

"सही करून टाक बाई," ते म्हणाले. "पत्त्यानं का होते? तू आत बसली त आमचं बोलशीन तरी. बाहीर राहून आम्ही का उखाडलं आजपावतर?"

"भाऊ, मी बोलली त मले काढून टाकतीन ना."

"तं नोको बोलू," नथ्थूभाऊ म्हणाले. "पण बसून तं राह्यशीन. आमच्यातलं कोणी खुर्चीवर बसलं, हे तं दिसंन पोराले."

त्यांचंही चूक नव्हतं. एवढी वर्षं नुसतं उभं राहिलेल्या माणसाला कोणाचं बसणंसुद्धा पुष्कळ वाटतं. ते उठून गेले आणि मी आणखीनच कोंडले. साहेबलोक म्हणत होते सही कर, मोहल्ला म्हणत होता सही कर, आणि माझ्या आतली ती हट्टी पोरगीही तेच म्हणत होती. नको म्हणणारं कोणीच नव्हतं.

समितीच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी माय चुलीपुढं बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी त पाय धुतले ना त्याहिचे. मंग घर काऊन नाई चाललं?"

मी म्हटलं, "माय, पाय कुठी धुतले तू. जोडा धुतला."

"जोडा तं जोडा," माय म्हणाली. "पाहुण्याचाच व्हता."

आणि तिनं चुलीत लाकूड सारलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला वाटत होतं, मोठ्या लोकांत तशीच पद्धत असेल. आपल्याला ठाऊक नाही, म्हणून आपलं काहीतरी चुकलं असेल, आणि त्यापायी पोरीचं अडलं. ती स्वतःत चूक शोधत होती. कुठं कमी पडलो? परात घासली नव्हती का? पाणी गढूळ होतं का?

ढसाढसा रडावं वाटलं, पण रडू आलं नाही. राग आला, आणि तोही सरांचा नाही. त्या अटीचा. फळ्यावर टाइप करून लावलेल्या त्या एका ओळीचा. ती ओळ लिहिताना कोणी आमच्या वाईटावर नव्हतं. आम्ही कोणाच्या डोक्यातच नव्हतो. बूट परातीत ठेवताना खाली पाहिलं नव्हतं, तशीच ती ओळ लिहिताना पाहिलं नव्हतं. आणि मी त्या ओळीत मावावं म्हणून स्वतःला कापत बसले होते, कुठून किती कापू ते बघत.

मी तो करार मायच्या हातात दिला. "हे का व्हय?" तिनं विचारलं. मी सांगितलं, आपण इथं राहत नाही, असं लिहिलंय. मायनं कागद उलटासुलटा केला. "मंग इथी कोण राह्यते?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या सभागृहात लांब टेबल, पांढरी चादर, काचेचे ग्लास. सर मध्यभागी. मला टेबलाच्या टोकाशी उभं केलं होतं. रिकामी खुर्ची समोर होती, पण ठराव होईपर्यंत बसायचं नव्हतं. इंजिनिअर साहेबांनी माझी पदवी वाचली, नोंदणी वाचली, अनुभव वाचला. मग नोंदीसाठी म्हणून विचारलं, "निवासाचा पत्ता?"

सरांनी माझ्याकडं बघून मान हलवली. बोल, अशी.

"ढिवर मोहल्ला, तलावाची पाळ," मी म्हणाले.

साहेबांचा पेन थांबला. सर हसून म्हणाले, "जुना पत्ता सांगताहेत त्या. आता राहतात ते..."

"तिथंच राहते सर. तुम्ही येऊन गेलात. घराला मंजूर नकाशा नाही."

सगळे सरांकडं बघायला लागले. सरांचा चेहरा पडला. मला वाटतं त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी माझ्यासाठी पुष्कळ केलं होतं ना.

"मग तुम्ही अपात्र ठरता," ते म्हणाले. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं.

"लिहा," मी म्हणाले. "अपात्र लिहा आणि कारणही लिहा. पदवी कमी पडली असं लिहू नका. ज्या वस्तीपुढं तुम्ही भिंत घालणार, त्या वस्तीत राहते म्हणून अपात्र, असं लिहा."

कोणीतरी पुटपुटलं, "हे काही भाषणाचं ठिकाण नाही." मी सही न केलेला करार सरांसमोर ठेवला आणि बाहेर आले. पायऱ्यांवर बसले तेव्हा ओकारी आली. सुटल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही. नोकरी गेली, हे तेवढं कळत होतं.

नोकरी गेलीच. भिंतही झाली, एकमतानं. तिच्यावर चित्रं काढली आहेत. जाळं फेकणारा एक माणूस आहे, डोक्याला समुद्राकडच्या कोळ्यांची तिकोनी टोपी घातलेला. नथ्थूभाऊंनी पहिल्यांदा पाहून विचारलं, "हा कोण व्हय?" मोहल्ला हसला, नंतर बरेच दिवस कोणी हसलं नाही. रस्त्याच्या कडेला बसून मासे विकणाऱ्या बायांना आता अर्धा मैल फिरून बाजारात जावं लागतं. मयत न्यायची तरी तोच वळसा. काही जण अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. सही केली असती तर भिंतीत निदान एक दार ठेवून घेता आलं असतं, असं त्यांना वाटतं. असेलही. मी त्यांच्याशी भांडत नाही.

आता मी छपरीत बसून काम करते. चामोर्शीकडच्या खेड्यांतून कोणी घराचा, कोणी शाळेच्या खोलीचा नकाशा काढून घ्यायला येतं. पोट भरतं, कधी भरत नाही. आणि समितीत जागा निघाली की मी अर्ज करते. दर वेळी त्याच अटीवर अपात्र. त्या अटीविरुद्ध मी वर अपील केलं आहे. फेटाळलं तर त्याच्याही वर करेन.

मला ती खुर्ची अजून हवी आहे. उसन्या पत्त्यानं नको, कोणाच्या मेहरबानीनं नको. पाळीवरच्या घरातून निघून, पायाला चिखल असेल तर चिखलासकट मी त्या टेबलाशी जाऊन बसणार आहे. पहिला ठराव मांडीन तो भिंत पाडायचा. मतं पडली नाहीत तर पुढच्या बैठकीत पुन्हा मांडीन. मला तिथून उठवायचं असेल तर त्यांना आधी आमचा मोहल्ला उठवावा लागेल. आणि त्या दिवशी आम्ही घरातच असू.