मागून येणारी टकटक

ग्रुपमधले सायकलवाले, हे वाचा अन् मले खरं सांगा.

आज दुपारी पुसदले नवी माउंटन बाईक घ्यायले गेलतो. दोन पसंत पडल्या. एकीचं पायडल थांबवलं की मागचं चाक टकटक वाजते, दुसरी एकदम मुकी. मले मुकीच आवडली. दुकानवाले भाऊ म्हणाले, "मागच्या पांदणीनं एक चक्कर मारून पाहा."

मुकीच घेऊन निघालो. दोन्हीकडं कपाशी, भर ऊन, माणूस नाही. जरा पुढं गेलो तं मागून टकटक आली. आपली रीत तुम्हाले माहीतच आहे, मागून आवाज आला की बाजूले होऊन वाट द्यायची. मी थांबलो अन् न पाहताच म्हटलं, "जा भाऊ."

टकटक माह्या कानाजवळून पुढं गेली. समोर कोणीच नव्हतं. धुळीत चाकाची खूणही नव्हती.

दुकानात येऊन विचारलं, "ही वाजते का हो?" भाऊंनी चाक उचलून फिरवलं. काहीच आवाज नाही. "काहून?" ते म्हणाले.

मी गुपचूप वाजणारी घेतली. म्हटलं, आता टकटक आली तं ती आपलीच आहे असं तरी समजता येईल.

सायकल अंगणात भिंतीले टेकवून ठेवली. आत्ता बायको सैपाकघरातून ओरडली, "पुरे करा ना ते चाक फिरवणं!"

मी तं आत खाटेवर बसून हे लिहून राह्यलो.

उभ्या सायकलचं चाक वाजते का हो तुमच्याकडं कोणाचं?