मल-सुनची जीभ
बांग मल-सुनच्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्या जिभेला आता चवही नाही, हे मात्र तिने कुणालाच कळू दिलं नव्हतं.

दोन हिवाळ्यांपूर्वी तिने आठवडाभर ताप अंगावर काढला आणि उठली तेव्हा वासही गेलेला, चवही गेलेली. सांगायचं तरी कसं? पंचेचाळीस वर्षं ती गावातल्या बायकांच्या रांजणांत बोट बुडवून सोया सॉसचा निकाल देत आली होती. ती "बरं आहे" म्हणाली की ती बाई वर्षभर मान ताठ ठेवून फिरायची. नाही आवडलं तर मल-सुन सरळ विचारायची, "नवऱ्याचे मोजे यातच धुतेस का गं?" अशा बाईने आता मीठ आणि साखर आपल्याला सारखीच लागते म्हणून कबूल करायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिला खरोखर वाटायचं.

मग तिने युक्ती काढली. ज्या बाईला स्वतःच्या सॉसची खात्री नसते, ती झाकण उघडण्याआधी ते पदराने पुसावं तसं बाहीने पुसते. मल-सुन बोट चोखायची आणि नजर त्या बाहीवर ठेवायची. दोन वर्षं एकही निकाल चुकला नाही.

पण स्वतःच्या अंगणात बाही कुणाची बघणार? तिथे कोपऱ्यात सासूचा रांजण होता. त्यातला सॉस साठ वर्षांचा, काळा आणि दाट. दर वसंतात जेवढा आटेल तेवढा नवा त्यात ओतायचा, की नवाही त्याच्याच वळणावर जातो. पूर्वजांच्या नैवेद्याचं सूप त्याच सॉसचं. मरताना सासूने तिला दागिने दिले नव्हते, हा रांजण दिला होता.

त्या वर्षी थंडीत तिने नेहमीसारख्या मेजूच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या विटा धुतल्या आणि मिठाचं पाणी केलं. पाणी पुरेसं खारट झालं का, हे अंडं सोडून बघतात. पाचशे वॉनच्या नाण्याएवढा भाग वर तरंगला की झालं. खरं तर चव जाण्यापूर्वी मल-सुनचं अंडं नुसतं दाखवायला असायचं, निकाल जीभच द्यायची. आता अंड्यावरच भिस्त होती. कोंबड्या थंडीमुळे अंडी देत नव्हत्या, म्हणून तिने फ्रीजमधलं महिन्याभराचं अंडं उचललं. ते छान तरंगलं. मग तिने ते पाणी दुसऱ्या एका रांजणात भरून विटा, कोळसा आणि लाल मिरच्या आत सोडल्या आणि सॉसला दृष्ट लागू नये म्हणून रीतीप्रमाणे त्या रांजणावर कागदी मोजा उलटा चिकटवला.

पन्नास दिवसांनी विटा काढून सॉस वेगळा करायला सून आली. ह्ये-रिम शहरातल्या प्रयोगशाळेत मेजूतले जिवाणू तपासायची.

"आले बाई जंतूंच्या घरचे पाहुणे," मल-सुन म्हणाली. "पगार देतात का गं तुला बुरशीकडे बघत बसायचा?"

"देतात, आई. तुमच्या मुलापेक्षा जास्त."

सॉस उकळून निवला. मल-सुनने त्यात बोट बुडवलं, चोखलं आणि जाहीर केलं, "दहा वर्षांत असा झाला नव्हता." मग डाव भरून ती सासूच्या रांजणाकडे वळली.

ह्ये-रिमनेही चाखलं होतं. तिने पुढे होऊन रांजणाच्या तोंडावर पंजा ठेवला.

"ओतू नका. आंबलाय."

"तुझ्या यंत्राने सांगितलं?"

"यंत्र गाडीत आहे. माझी जीभ सांगते. मीठ कमी पडलंय, म्हणून नको ते जिवाणू माजले. अंडं कधीचं होतं? जुन्या अंड्यात हवा वाढते, ते कमी खारट पाण्यातही तरंगतं."

मल-सुनचा डाव धरलेला हात अवघडला. सुनेला झापून हात बाजूला सारणं काही कठीण नव्हतं. अब्रू राहिली असती. पण या पोरीचं खरं असेल, तर सासूची साठ वर्षं एका डावात नासणार होती. तिने सॉस परत पातेल्यात ओतला.

"फ्रीजमधलं होतं," ती म्हणाली. "मला चव लागत नाही. दोन वर्षं झाली."

"माहीत आहे. मागच्या नवीन वर्षाला तुम्ही सूपात मिठाऐवजी साखर घातली होती."

"आणि तू खाल्लंस?"

"दोन वाट्या. तुमच्या मुलाने तीन."

"माझ्यावर गेलाय गाढव," मल-सुन म्हणाली आणि नाक ओढलं. मग तिने सासूच्या रांजणाकडे बोट केलं. "घाल बोट. कसा आहे ते सांग."

"यात ग्लुटामिक आम्ल खूप..."

"मेले, चव सांग."

ह्ये-रिमने बोट चोखलं, डोळे मिटले. "आधी खारट. मग जिभेच्या मागे गोड. गिळल्यावर तळाला लागलेल्या भाताची खरपुडी खाल्ल्यासारखं."

मल-सुननेही डोळे मिटून घेतले होते. "खरपुडी," ती हळूच म्हणाली. "हो, ती शेवटीच येते. अजून एकदा सांग. सावकाश सांग."

ह्ये-रिमने पुन्हा बोट बुडवलं.