पर्सच्या झाकणावरचे चार आकडे

ऑपरेटरबाईंना नंबर तोंडपाठ नसत, बोटांना पाठ असत. मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती. कुणी एखाद्या खोलीचा नंबर तोंडी विचारला की त्या अडखळायच्या. आधी टेबलावर बोटं फिरवायच्या आणि मग काय दाबलं ते सांगायच्या. डोळे लहानपणीच गेलेले. पाचच्या बटणावरचा बारीक उंचवटा सापडला की बाकीचे आकडे कुठे आहेत ते त्यांना विचारावं लागत नसे.

बँकेच्या कार्डाचा पिनही त्यांनी असाच बोटांत ठेवला होता. तो त्यांनी कुणालाही सांगितला नव्हता, सख्ख्या भावालासुद्धा नाही, आणि नेमकं तेच दादाला खुपत होतं. कार्ड माझ्याकडे दे, तुला लागेल ते मी आणून देतो, हे त्याचं पालुपद. दादा मनाने वाईट नव्हता. पण कार्ड त्याच्या खिशात गेलं की साबणाच्या वडीसाठीही आपल्याला कारण द्यावं लागणार, हे बाई ओळखून होत्या.

त्या दिवशी त्या डोळ्यांचे थेंब आणायला मेडिकलमध्ये गेल्या. दिसत नसलं म्हणून डोळे दुखायचे थोडेच थांबतात? औषधवाल्याने हातात दिलेलं कार्डाचं मशीन गुळगुळीत काचेचं होतं. काचेवर पाच कुठला आणि नऊ कुठला, ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. बटणांचं मशीन द्या म्हटलं, तर ते बिघडलंय म्हणाला.

"नंबर सांगा ना, मी दाबतो. आपण काय परके आहोत?"

"आधी तुमचा सांगा," बाई म्हणाल्या.

रांगेत कुणीतरी हसलं, कुणीतरी घाई आहे म्हणून पुटपुटलं. एका बाईने तर त्यांचं बोट धरून आकड्यांवर न्यायची, आणि तेही डोळे मिटून, तयारी दाखवली. ऑपरेटरबाईंचं डोकं फिरलं. बँक फोनवर बजावते, पिन कुणालाही सांगू नका. दुकानदार म्हणतो, जरा मोठ्याने सांगा. या दोघांना एकदा समोरासमोर बसवलं पाहिजे. थेंब न घेताच त्या घरी आल्या.

दादाला तेवढंच हवं होतं. उद्या संध्याकाळपर्यंत स्वतःच्या हाताने थेंब आणलेस तर ठीक, नाहीतर कार्ड माझ्याकडे, असं सांगून तो आंघोळीला गेला. बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी धुसफुसत बसल्या. मान कापली तरी नंबर सांगणार नाही, असं त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा वहिनीने नळ बंद केला. ओला हात पुसून तिने बाईंचा तळवा उलगडला आणि त्यावर चार ठिकाणी बोट टेकवलं.

चारही जागा बरोबर होत्या. बाईंनी तळवा झटकन मागे ओढला.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच, वन्सं. निघायच्या आधी पर्सच्या झाकणावर बोटांनी घोकता. रांगेत उभं राहूनही घोकता. तीन वर्षं बघतेय मी. यांना नाही बोलले."

तीन वर्षं. दुकानात डाव्या हाताचा केवढा आडोसा करून त्या बटणं दाबायच्या, आणि त्याआधी दोन मिनिटं सगळ्या रांगेला तोच नंबर दाखवत उभ्या राहायच्या. बोर्डाच्या खोलीत त्यांच्या बोटांकडे कुणी बघत नसे. बाहेर लोक बघतात, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. साडीचा काठ चिखलात लोळतोय हे रस्त्यावरचा परका माणूस सांगतो, आणि हे घरातल्या माणसाने सांगू नये? वाईट वाटेल म्हणून गप्प राहिले, असं वहिनी म्हणाली. बाईंना तिचा भयंकर राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघी पिन बदलायला एटीएमवर गेल्या. ते इअरफोन लावला की बोलणारं मशीन होतं. वहिनी दाराकडे तोंड करून उभी राहिली. मशीनने नवा नंबर दोनदा मागितला. पहिल्यांदा बाईंनी नवा दाबला. दुसऱ्यांदा बोटं सवयीने जुन्याच वाटेने गेली. आकडे जुळत नाहीत, मशीन थंडपणे म्हणालं. बाईंनी त्याला आणि आपल्या बोटांना एकदमच शिव्या घातल्या. पुन्हा पहिल्यापासून केलं तेव्हा जमलं.

तिथून त्या तडक मेडिकलमध्ये आल्या. बटणांचं मशीन मिळेपर्यंत इथून हलणार नाही, असं त्यांनी औषधवाल्याला शांतपणे सांगितलं. मग ते बिघडलेलं मशीन खणातून निघालं. बिघाड एवढाच होता की महिनाभर ते कुणी चार्जिंगला लावलं नव्हतं. थांबा दहा मिनिटं, तो ओशाळून म्हणाला.

बाई थांबल्या. मागे रांग वाढत होती. त्यांची बोटं आपोआप पर्सच्या झाकणावर गेली आणि त्यांनी ती झटकन आवळून घेतली. दोन्ही हात पोटाशी धरून त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. आता काय जन्मभर असे हात बांधून उभं राहायचं?

मग त्यांनी मूठ सोडली. पर्स जराशी तिरकी धरली आणि जुना नंबर झाकणावर सावकाश दाबला, एकदा आणि पुन्हा एकदा, अगदी शेवटच्या माणसालाही नीट दिसेल असा.