नोंदवहीतले एकशे एकवीस

त्या घरात तोंडाआधी हात चालायचा. बाप गॅरेजात दिवसभर पत्रा ठोकायचा आणि घरी आला की समोर येईल त्याला ठोकायचा. थोरल्या मुलाचा डावा कान त्यानंच एका फटक्यात निकामी केला. काच फोडली होती धाकटीनं, सात वर्षांची होती ती, आणि "मी फोडली" म्हणून पुढे झाला दादा. तेव्हापासून धाकटीसाठी दादा सांगेल ती पूर्व दिशा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, कसली ही बहीण, वैरीण परवडली!

शाळा संपल्यावर धाकटीनं विद्यापीठात अन्नविज्ञानाला नाव घातलं. बाप म्हणाला, "चार वर्षं? रांधायला शिकायला? तुझी आई काय विद्यापीठात गेली होती?" आणि चप्पल भिरकावली. दादानं ती हवेतच झेलली. तो डबाबंद मटारच्या कारखान्यात आठ वर्षं कामाला होता, डबे तापवायच्या कुकरवर. "फी मी भरतो," तो म्हणाला. "आपल्या खानदानात एक तरी माणूस हात न उगारता बोलू दे."

लोकांना वाटतं, अन्नविज्ञान म्हणजे केक भाजायचे आणि चाखायचे. डोंबल! पिठातली प्रथिनं मोजायला ते उकळत्या ॲसिडात विरघळवावं लागतं. दुसऱ्या वर्षी धाकटीच्या हातातलं ते भांडं फुटलं आणि मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली. पट्टी बांधून ती तिसऱ्या दिवशी परत वर्गात. जंतूंचा विषय शिकवायला एक बुटक्या मॅडम होत्या, आवाज असा की मागच्या बाकावर झोपलेला दचकून उठावा. त्या म्हणायच्या, "मटारमध्ये आंबटपणा नाही. डबा पुरता तापला नाही, तर आत एक जंतू जगतो आणि हवा नाही म्हणून त्याचं उलट फावतं. त्याचं विष चवीला कळेलच असं नाही. एक घास पुरतो. माणूस शुद्धीवर असतो, सगळं समजत असतं, आणि छाती हलायची थांबते." धाकटीनं हे वहीत उतरवून घेतलं आणि परीक्षेत लिहून मार्कही मिळवले.

तिसऱ्या वर्षानंतर दोन महिने कारखान्यात काम शिकायचं होतं. ती गेली दादाच्याच कारखान्यात. पत्र्याच्या कडांनी तिथे रोज कुणाचा ना कुणाचा हात कापायचा. वाफेचा नळ सुटून एकाचा अर्धा चेहरा भाजला होता, तो त्याच चेहऱ्यानं हसत लेबलं चिकटवायचा. बायका तिला मास्तरीणबाई म्हणायच्या. तिला काम दिलं ठोकणीचं. ठोकणी म्हणजे वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड लोखंडी सळई. गोदामात दहा दिवस ठेवलेल्या डब्यांवर ती मारत जायची. चांगला डबा टणटणतो, बिघडलेला बद्द वाजतो. पहिल्या आठवड्यात शेकड्याला एखादा बद्द वाजायचा. तिसऱ्या आठवड्यात एका थप्पीत चाळीस वाजले. त्यातले सहा फुगून टम्म झाले होते आणि एक तिच्या समोरच फुटला. पत्र्याची कड तिच्या भुवईत घुसली, डोळा थोडक्यात वाचला.

रक्त पुसत, ठोकणी कमरेला खोचून ती थेट कुकरपाशी गेली. कुकर म्हणजे माणूस उभा राहील एवढा लोखंडी पिंप. आत जाळीत डबे रचायचे, झाकण आवळायचं, वाफ सोडायची. सुरुवातीला वरची तोटी सात मिनिटं उघडी ठेवायची, म्हणजे आतली हवा निघून जाते. हवा आत राहिली तर दाबाचा काटा बरोबर जागेवर येतो, पण उष्णता तेवढी चढत नाही. ती कळते फक्त शेजारच्या तापमापीवरून. त्या तापमापीवर इतकं वंगण आणि धूळ बसली होती की तिथे तापमापी आहे हेच कुणाला माहीत नसावं. धाकटीनं ओढणीनं ती काच पुसली. एकशे नऊ अंश. हवे होते एकशे एकवीस.

मग तिनं दादाची नोंदवही उघडली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, दादाच्या अक्षरात, प्रत्येक खेपेला एकशे एकवीस. एक आकडा इकडे नाही की तिकडे नाही.

"दादा, तोटी किती वेळ उघडी ठेवतोस?"

"लागेल तेवढी."

"किती?"

"सात. घाई असली तर दोन. मालकांना खेपा जास्त हव्यात. मी दाबाच्या काट्यावर चालवतो, आवाजावरनं चालवतो. तू काल आलीस."

"तो काटा खोटं सांगतो, दादा. आत हवा असली की—"

आणि बसली. सगळ्यांसमोर, गालफडात, अशी सणसणीत की ती वाफेच्या पाइपवर आदळली आणि दंडाला चटका बसला. "माझ्या जिवावर शिकतेस आणि मलाच अक्कल शिकवतेस?" दादा ओरडला. त्याच्या डोळ्यांत तिला हुबेहूब बाप दिसला आणि तिला खरंच रडू आलं. माराचं नव्हे, त्या दिसण्याचं.

आवाज ऐकून मालक आला. बाहेर दोन गाड्या भरायला उभ्या होत्या. धाकटीनं सांगितलं, हा माल जाऊ देऊ नका, आधी तपासा. मालक दादाकडे वळला. "तुझी बहीण काय म्हणते ते ऐकलंस? अकरा वर्षं तू मला विष शिजवून देतोयस. खरं असेल तर आत्ता गेटबाहेर हो."

आता दादाचा पारा असा चढला की विचारू नका. त्यानं त्याच थप्पीतला एक डबा उचलला, न फुगलेला, वरून अगदी साजरा. सुऱ्यानं झाकण कापलं आणि मूठभर मटार तळहातावर घेतले. "हे बघा! अकरा वर्षं खातोय, मेलो का? आत्ता खाऊन दाखवतो!"

"दादा, नको!"

"बघ तू!"

हात तोंडाशी गेला आणि धाकटीनं ठोकणी हाणली. मनगटावर, जीव खाऊन. हाड मोडल्याचा आवाज आला, मटार उडाले. दादा गुरासारखा ओरडला. पण तो त्याच बापाचा मुलगा, हट्टाला पेटलेला. त्यानं डाव्या हातानं डबाच उचलला आणि तोंडाला लावला. तिनं दुसरा घाव जबड्यावर घातला. दोन दात जमिनीवर पडले. तो उताणा पडला तशी ती त्याच्या छातीवर बसली, तुटलेल्या जबड्यात बोटं घातली आणि रक्तातून एकेक मटार बाहेर ओढायला लागली. त्यानं तिचं बोट चावलं, हाडापर्यंत. तिनं ते काढलं नाही. "थुंक! थुंक रे दादा, तुझ्या पाया पडते!" ती किंचाळत होती आणि दुसऱ्या हातानं पाण्याची नळी ओढत होती.

लोकांना काय दिसणार? बहीण भावाला मारतेय. लेबलवाल्यानं तिला केसांना धरून मागे खेचलं, बाकीच्यांनी लाथा घातल्या. तिच्या दोन बरगड्या मोडल्या. तिनं तो उघडा डबा पोटाशी धरला आणि वर अंगाचं मुटकुळं केलं. मार खात राहिली, डबा सोडला नाही. शेवटी बायका मध्ये पडल्या. त्या गडबडीत गाड्या रिकाम्याच उभ्या राहिल्या, एवढंच त्या दिवशी बरं झालं.

दादाला इस्पितळात ठेवलं, जबडा तारांनी बांधला. बाप म्हणाला, ही पोरगी मला मेली. आई दाराआड रडली. धाकटी छातीला पट्टा आवळून विद्यापीठात गेली आणि डबा मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हातमोजे चढवले.

चौथ्या दिवशी दादा प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. उजवा हात प्लास्टरात, तोंड सुजून काळंनिळं, गळ्यात लिहायची वही अडकवलेली. तिचं पितळ उघडं पडताना बघायला आला होता. मॅडमनी दोन पिंजरे दाखवले. एकेकात दोन उंदीर. सगळ्यांना आदल्या दिवशी त्याच डब्यातल्या पाण्याची सुई टोचली होती. डावीकडचे दोघे पिंजराभर धावत होते. उजवीकडचा एक ताठ होऊन पडला होता. दुसरा जिवंत होता, पण त्याची कंबर आत ओढली जात होती, दोरीनं आवळल्यासारखी. डोळे उघडे. तो तोंड वासून हवा मागत होता आणि हवा येत नव्हती. दादा वाकून बघत राहिला. वीस मिनिटं लागली. मग तोही संपला.

दादानं डाव्या हातानं वाकड्या अक्षरात लिहिलं, "धावतात त्यांना काय दिलं?"

"तेच," धाकटी म्हणाली. "पण उकळून. उकळलं की ते विष मरतं."

दादा भिंतीला टेकून खाली बसला. त्याच्या तारांमधून एक आवाज निघाला, तो रडण्याचा होता हे कळायला तिला वेळ लागला. तीही खाली बसली. बरगड्या दुखत होत्या तरी तिनं त्याला धरलं. "बाकीचा माल, दादा," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात गेलेला. नोंदवहीत सगळीकडे एकशे एकवीस आहेत. घाईच्या खेपा कुठल्या, ते तुझ्याशिवाय या जगात कुणाला माहीत नाही. आणि तू सांगितलंस तर तुला पकडतील. तेही मला माहीत आहे."

त्यानं तिच्या बोटावरचे टाके बघितले. मग त्यानं वही मांडीवर घेतली. तारीख, डब्यावरचा खेपेचा आकडा, कुठल्या गोदामात गेला. पाच ओळी झाल्या. सहावीशी थांबला, डोळे मिटून आठवलं, तीही लिहिली.

मॅडमनी अन्नतपासणी कचेरीचा नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. धाकटीनं सहाही आकडे वाचले. पलीकडच्या माणसानं ते लिहून घेतले, परत वाचून खातरी केली आणि म्हणाला, "आत्ता माल अडवायला सांगतो. या खेपा कुणी चालवल्या? नाव लागेल."

तिनं दादाकडे बघितलं. दादानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मान हलवली, सांग.

"माझ्या भावानं," ती म्हणाली.

"जरा मोठ्यानं, ताई. इथे गलका आहे."

तिनं दादाचा हात घट्ट धरला आणि पुन्हा एकदा सांगितलं.