स्मिल्काचं खारं पाणी

स्मिल्का पाव्कोव माझी समोरच्या दाराची शेजारीण. जिन्याच्या या अंगाला मी आणि माझी बायको येलित्सा, त्या अंगाला ती एकटी. ती कवळ्या करायची. दातांचे डॉक्टर माप घ्यायचे आणि पुढचं सगळं स्मिल्का तळघरातल्या आपल्या खोलीत करायची: साचा, मेण, घासणं, चकाकी आणणं. आमच्या किकिंदा गावातले निम्मे म्हातारे स्मिल्काच्या दातांनी हसतात, असं आम्ही म्हणायचो. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं, "हसतात कुठले, चावतातच जास्त."

नवरा तिमा कामासाठी ऑस्ट्रियाला गेला आणि तिकडचाच झाला. मुलगा मोठा झाल्यावर बापामागे गेला. नाताळात फोन यायचा. ह्याचं रडगाणं तिने आमच्याकडे कधी गायलं नाही. उलट येलित्सा डोळे पुसायला लागली की तीच म्हणायची, "अगं, कॉफी निवतेय तुझी."

मी तेव्हा किकिंदा ते नोवी साद शहर अशी बस चालवायचो. एकदा ती डोळे तपासायला नोवी सादला गेली. परतीच्या बसला आलीच नाही. मी तिच्यासाठी थांबलो, मागून लोकांनी उद्धार केला, शेवटी निघालो. संध्याकाळच्या फेरीला बघतो तर बाई थांब्यावर उभ्या, गाल लाल झालेले.

"डॉक्टरने पकडून ठेवलं काय?" मी विचारलं.

"नाही रे. एका दुकानात किडा बघत होते."

"किडा? आपल्या तळघरात काय कमी आहेत?"

ती माझ्या मागच्याच सीटवर बसली आणि वाटेतलं बेचेय गाव येईपर्यंत सांगत राहिली. स्टेशनजवळ ओग्न्येन नावाच्या माणसाचं दुकान होतं, समुद्रातल्या प्राण्यांचं. तिथे एक किडा नळीत राहत होता आणि पंख्यासारखा पिसारा बाहेर काढून बसत होता. "मी वाकले, माझी सावली पडली, की झटक्यात आत. मी बाजूला झाले की दबकत दबकत बाहेर. कितीदा तरी केलं असं. झीवा, माझ्या येण्याजाण्याची एवढी दखल कित्येक वर्षांत कुणी घेतली नव्हती."

मी मोठ्याने हसलो. आरशात पाहिलं तर ती हसत नव्हती.

पुढच्या आठवड्यात तिने काचेची टाकी आणली. टाकी कसली, आमच्या घरातलं लोणच्याचं पातेलं तिच्याहून मोठं. शुद्ध पाणी, त्यात तोलून घातलेलं खास मीठ, तळाला वाळू, वर भोकाभोकांचे दगड, एक दिवा आणि पाणी हलवणारा पंप. एवढंच. महिना झाला तरी आत काही दिसेना. येलित्सा म्हणाली, "स्मिल्का दगड पाळतेय. एकटेपणा डोक्यात गेला तिच्या."

मी विचारलंच, "मासे कधी आणणार?"

"मासे नाहीच आणणार. मासे सगळ्यांकडे असतात. आणि आत्ता काही टाकलं तर मरेल. आधी पाणी मुरू दे."

तिने सगळ्यांच्या उलट्या टोकाने सुरुवात केली. बाकीचे हौशी लोक शेवाळ दिसलं की खरवडून फेकतात. हिने पहिल्यांदा शेवाळच लावलं. एक द्राक्षांच्या घोसासारखं हिरवं, एक वाइनच्या रंगाचं लाल, एक नाण्यांची माळ लोंबावी तसं. त्यातल्या हिरव्याने वर्षभरात टाकी गिळायला घेतली. स्मिल्का दर रविवारी कात्रीने त्याची हजामत करायची आणि आम्हाला सांगायची, "हे पाणी साफ ठेवतं, पण ह्याला मोकळं सोडलं तर घरच बळकावेल. माझ्या सासूसारखं."

मग तो नळीतला किडा आला. मग पोवळी. अंगठीतलं पोवळं मला ठाऊक होतं. हे जिवंत, मऊ, पाण्यात डुलणारं प्रकरण मी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. जांभळ्या देठाच्या बटणांसारखी, बोटं पसरलेल्या हातासारखी, कुणी ओला पाव टाकावा तशी. दिवा निळा केला की ती आतून पेटल्यासारखी दिसायची. प्रत्येकाला कुठे बसवायचं ह्यावर स्मिल्का दिवस दिवस घालवायची: ह्याला उजेड हवा, ह्याला प्रवाह सोसत नाही, हे शेजारच्याला डंख मारतं म्हणून चार बोटं लांब.

तिच्या हातातली कला इथे कामाला आली. पोवळं वाढलं की त्याचा तुकडा कापून दुसऱ्या दगडावर चिकटवतात. तिच्याकडे कवळ्या घासायची बारीक फिरती चकती होती, चिमटे होते, आणि मी कुणाचाच बघितला नाही असा स्थिर हात होता. त्यातल्या काही पोवळ्यांच्या अंगात भयंकर विष असतं. ती कापताना जाड चष्मा, मास्क आणि हातमोजे घालायची आणि मला खोलीबाहेर काढायची. "तुला काही झालं तर येलित्सा माझे सगळे दगड खिडकीतून फेकेल." तुकड्यांनी दगड धरला की ती ते वाटून टाकायची. नोवी साद, सुबोतित्सा, सेगेद, कुठून कुठून लोक निरोप पाठवायचे आणि तिचे डबे माझ्या बसच्या पुढच्या काचेपाशी बसून जायचे. "ब्रेक हळू दाब रे," एवढंच तिचं भाडं.

तिच्याकडे एक खेकडा होता, नखाएवढा. दोन्ही नांग्यांत एकेक इवलं समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा जिवंत प्राणी, धरून तो हिंडायचा, मुष्टियोद्ध्याने हातमोजे घालावेत तसा. एकदा त्याचं एक फूल हरवलं. स्मिल्काने मला हाक मारून बोलावलं, भिंग हातात दिलं. गड्याने उरलेलं एक फूल दोन्ही नांग्यांनी ताणून फाडलं, आणि अर्धं अर्धं दोन्हीकडे धरलं. काही दिवसांत दोन्ही अर्धकं वाढून पुरती फुलं झाली. मी चर्चमध्ये फारसा जात नाही, पण त्या दिवशी क्रॉसची खूण करायला माझा हात आपोआप कपाळाकडे गेला.

हळूहळू तिची ख्याती अशी झाली की कुणालाच नको असलेला जीव स्मिल्काकडे जातो. नव्या दगडांच्या भोकांतून न सांगता आलेले पाहुणे असतात: केसाळ खेकडे, काटेरी अळ्या, सापासारख्या हातांचे तारामासे. दुकानदार ते फेकून देतात. एकदा ओग्न्येनच्या दुकानात अशाच दगडातून कोळंबीच्या जातीचा एक ठोसेबाज निघाला. ह्याचे पुढचे हात इतक्या जोराने सुटतात की शिंपला फुटतो, कधी काचही तडकते. त्याने तीन खेकडे मारल्यावर ओग्न्येनने निर्णय घेतला की ह्याला संपवायचं. स्मिल्काने फोनवर ओरडून त्याला थांबवलं आणि मला आणायला सांगितलं.

ओग्न्येनने तो जाड प्लास्टिकच्या बरणीत घालून दिला. मी बरणी सीटखाली सरकवली. बेचेय सोडलं आणि आवाज सुरू झाला. टक्. मग टक्, टक्.

"ड्रायव्हरसाहेब, चाक निखळतंय!" मागून बुदिशिन आजोबा ओरडले. कौलांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, दर महिन्याला हृदयाच्या डॉक्टरकडे जायचे आणि बसमध्ये कुणाला स्वस्थ बसू द्यायचे नाहीत.

"चाक नाही, आजोबा. पार्सल आहे."

"पार्सल टकटक करतं? बॉम्ब आहे की काय?"

झालं. मिरच्यांच्या पोत्यांवर बसलेल्या बाया उठल्या, एक विद्यार्थी दाराकडे पळाला. मला बस कडेला घ्यावी लागली. मी बरणी उघडून दाखवली. मोराच्या रंगाचा, देठांवर फिरणाऱ्या डोळ्यांचा तो प्राणी आम्हा सगळ्यांकडे एकेक डोळा वेगळा फिरवून बघत होता.

"देवा," मिरचीवाली म्हणाली, "हा तर माझ्या जावयासारखा बघतोय."

स्मिल्काने त्याला वेगळी टाकी दिली आणि नाव ठेवलं माझंच, झीवा. "कारण नसताना आवाज करतो म्हणून," ती म्हणाली.

त्यानंतरच्या जुलैत वादळ झालं. दुपारीच अंधारून आलं, झाडं तारांवर कोसळली आणि आमच्या बाजूची वीज गेली. वादळानंतर गारवा येईल असं वाटलं होतं, झालं उलटंच. हवा भट्टीसारखी. स्मिल्काने बॅटरीचा पंप लावला, बर्फाच्या बाटल्या पाण्यात सोडल्या. पण बिल्डिंगभर सगळ्यांचे फ्रीज वितळत होते. येलित्साने आमच्याकडचा शेवटचा बर्फ नेऊन दिला, तीच येलित्सा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघालो तर स्मिल्का दारात उभी. रात्रभर झोपली नव्हती.

"वीज कधी येईल कुणालाच माहीत नाही," ती म्हणाली. "आज दुपारपर्यंत पाणी उकळेल. तुझ्या बसमध्ये एसी आहे. ओग्न्येनकडे वीज आहे."

"बांध," मी म्हणालो.

आम्ही तिघांनी मिळून पिशव्या भरल्या. प्रत्येक दगड, प्रत्येक पोवळं वेगळं, अर्धं पाणी अर्धी हवा. पण बसच्या वरच्या फळीवर इतकी जागा कुठे, आणि खाली ठेवल्या तर उलटणार. स्मिल्का बसमध्ये चढली आणि लोकांसमोर उभी राहिली. तिला चारचौघांत बोलायची सवय नाही, मान खाली घालून ती म्हणाली, "माझ्याकडे काही जीव आहेत. नोवी सादपर्यंत मांडीवर धराल का? हलवू नका, उन्हात धरू नका."

आधी एका नर्सने हात पुढे केला. मग विद्यार्थ्यांनी, मिरचीवाल्यांनी. बुदिशिन आजोबा मात्र हाताची घडी घालून बसले. "माझ्या मांडीवर किडेबिडे नकोत."

स्मिल्का त्यांच्यापाशी गेली. "वरचे दात कसे आहेत, आजोबा? टोचत नाहीत ना?"

"नाही," आजोबा नाइलाजाने म्हणाले. "दात चांगले आहेत."

"मग हा खेकडा धरा. बॉक्सर आहे. तुमच्यासारखाच भांडखोर आहे, जमेल तुमचं."

मी त्या दिवशी जशी बस चालवली तशी आधी कधी चालवली नव्हती आणि नंतरही नाही. आरशात पाहिलं की ओळीने माणसं, प्रत्येकाच्या हातात लुकलुकणारी पिशवी, आणि प्रत्येकजण खाली बघतोय. मध्येच आजोबा ओरडले, "स्मिल्के! ह्याचं एक फूल खाली पडलं!"

"असू दे, आजोबा. त्याला कळतं काय करायचं ते."

नोवी सादच्या थांब्यावर ओग्न्येन हातगाडी घेऊन उभा होता. आजोबांनी पिशवी त्याच्या हातात दिली नाही. ते स्वतः चालत दुकानापर्यंत गेले, डॉक्टरची वेळ चुकवून.

सगळं वाचलं नाही. शेवाळ वितळून पाणी झालं. दोन पोवळी गेली. आणि तो नळीतला पहिला किडा गेला. स्मिल्काने रिकामी नळी बोटांत धरून बघितली, मग कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि हात धुतले. "तो म्हातारा होता," एवढंच म्हणाली. बाकीचं आठवडाभराने त्याच बसने परत आलं, आणि वर्षानुवर्षं तिने ज्यांना तुकडे वाटले होते त्यांच्याकडून शेवाळाच्या इतक्या पिशव्या आल्या की तिला नको म्हणायची वेळ आली.

आता मी बस सोडली आहे. स्मिल्काने कवळ्या करणं थांबवलं, पण टाकी आहे. बुदिशिन आजोबा रविवारी राकिया ह्या फळांच्या दारूची बाटली घेऊन येतात आणि भिंगातून खेकडा बघत बसतात. त्यांचं आणि ठोसेबाजाचं मात्र अजून जुळत नाही.

गेल्या वसंतात ओग्न्येनचा फोन आला. त्याच्याकडे पिसांच्या हातांचा सागरतारा आला होता, लिंबाच्या रंगाचा. स्मिल्का असला तारा बघायला मिळावा म्हणून कित्येक वर्षं झुरत होती. "तुला भेट देतो," ओग्न्येन म्हणाला. "माझ्याकडून. इतक्या वर्षांच्या ओळखीची."

आम्ही दोघं गेलो, या खेपेला प्रवासी म्हणून. तारा खडकावर बसून आपले हात एकेक करून उघडत होता, संथपणे, जणू कुणी पाण्यातच कशिदा काढत होतं. स्मिल्का कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभी राहिली. ओग्न्येनने पिशवी आणली.

"नको," ती म्हणाली.

"का गं? फुकट देतोय."

"हे वाहत्या पाण्यातले बारीक कण खातात. माझ्या पातेल्यात एवढं खाणं कुठून येणार? हळूहळू उपाशी मरेल. मरताना दिसणारही नाही, एकेक पीस गळत जाईल." ती ओग्न्येनकडे वळली. "समुद्राला लागून मोठं मत्स्यालय आहे ना कुठेतरी, जिथे समुद्राचं पाणी आत येतं? तिथे विचार. आणि असला तारा पुन्हा मागवू नकोस."

ओग्न्येनने मान हलवली. त्याला ते आवडलं नसावं, पण त्याने तिथल्या तिथे फोन लावला.

बसला वेळ होता. आम्ही स्टेशनसमोर चीज भरलेला खुसखुशीत बुरेक घेतला, दह्याचे दोन पेले घेतले आणि बाकावर बसलो. ती खात नव्हती.

"आणायला हवा होता का रे?" तिने विचारलं.

"मला काय विचारतेस? मला बसमधलं कळतं."

"त्याचे हात बघितलेस ना पण?"

"बघितले."

"मग झालं," ती म्हणाली, आणि बुरेकचा तुकडा तोडला.